दोन ऑपरेटरवाली लॅटिस अभ्यासाला घ्यायचीये, पण कुठली? फ्युजन, एस५×एस५ की टेन्स

मोडल लॉजिकचा एक कोर्स झालाय, क्रिपकी फ्रेम (ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण) काढता येतात, पी-मॉर्फिझम (एक फ्रेम दुसरीवर नीट चेपणारा नकाशा) म्हणजे काय ते कळतं, आणि आता प्रोजेक्टला किंवा पीएचडीला एक्स्टेन्शन्सच्या लॅटिसवर काहीतरी करायचंय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. कारण या टप्प्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात की दोन ऑपरेटर, म्हणजे ‘नेहमी’ किंवा ‘नक्की’ सारखे दोन बॉक्स, घेतले तर अवघड पडेल का, आणि मला वाटतं प्रश्नच थोडा चुकीच्या जागी आहे. ऑपरेटर किती यापेक्षा त्या दोघांचं एकमेकांशी नातं काय हे आधी बघायला पाहिजे. आणि दुसरं, जे मला स्वतःला खूप उशिरा कळलं, लॉजिक सोपं असणं आणि त्याच्या वरची लॅटिस सोपी असणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, कधीकधी तर चक्क उलट्या.

आधी पटकन शब्द जुळवून घेऊ. एक बेस लॉजिक घ्यायचं, त्याच्या वरची सगळी नॉर्मल लॉजिक्स घ्यायची म्हणजे बेसचे अ‍ॅक्सिअम आहेतच वर आणखी काही, आणि कोण कोणात मावतं या क्रमाने ती मांडायची, हीच ती लॅटिस. दोन लॉजिकचं मीट म्हणजे दोघांत कॉमन असलेले फॉर्म्युले, जॉइन म्हणजे दोघांचे अ‍ॅक्सिअम एकत्र करून जे निघेल ते. तळाला बेस, माथ्यावर विसंगत लॉजिक ज्यात सगळंच सिद्ध होतं. अल्जेब्रावाले हेच चित्र उलटं धरतात, त्यांच्याकडे ती व्हरायटींची (समीकरणांनी ठरणाऱ्या अल्जेब्रांच्या वर्गांची) लॅटिस असते. दोन्ही भाषा शिका, एकीत अडलं की दुसरीत सुटतं.

एका ऑपरेटरची सवय कशी लागते ते सांगते, म्हणजे पुढे काय मोडतं ते दिसेल. एस५, म्हणजे जिथे रिलेशन इक्विव्हॅलन्स असतं ते लॉजिक, त्याच्या वर काय आहे ते स्क्रॉग्जने १९५१ सालीच दाखवलं, सरळ एक साखळी. माथ्यावर विसंगत, त्याच्याखाली एका पॉइंटच्या क्लस्टरचं (क्लस्टर म्हणजे सगळे पॉइंट एकमेकांना दिसतात असा गट) लॉजिक, मग दोन पॉइंटचं, मग तीनचं, असं खाली खाली आणि सगळ्यात तळाला एस५. एस५ च्या लगेच वर कोणीच नाही, कारण कितीही मोठा क्लस्टर घ्या त्याहून मोठा असतोच. एवढी स्वच्छ लॅटिस परत बघायला मिळत नाही. एस४.३ (रिफ्लेक्सिव, सरळ रांगेसारख्या फ्रेम्सचं लॉजिक) ची लॅटिस त्याहून बरीच मोठी आहे पण तिथेही बुलने १९६६ मध्ये दाखवलं की वरच्या सगळ्या नॉर्मल लॉजिकना फायनाइट मॉडेल प्रॉपर्टी आहे (जे सिद्ध होत नाही ते एखाद्या मर्यादित मॉडेलमध्ये खोटं पडतं), आणि फाइनने १९७१ मध्ये दाखवलं की सगळी मोजक्या अ‍ॅक्सिअमवर उभी राहतात, म्हणजे सगळी डिसायडेबल (काय सिद्ध होतं ते यंत्राने ठरवता येतं), आणि सगळी मिळून मोजता येण्याएवढीच (काउंटेबल).

आणि मॅकिन्सनचा १९७१ चा निकाल. एका ऑपरेटरच्या कुठल्याही सुसंगत नॉर्मल लॉजिकला वर वर नेत गेलात तर शेवटी दोनच दारं आहेत, एकटा रिफ्लेक्सिव पॉइंट किंवा एकटा डेड-एंड पॉइंट. कारण साधं आहे, कुठेतरी पुढे जायला वाट नसलेला पॉइंट असेल तर तो एकटा वेगळा काढता येतो, आणि सगळ्यांना वाट असेल तर अख्खी फ्रेम एका रिफ्लेक्सिव पॉइंटवर चेपता येते.

आता दुसरा ऑपरेटर आणा आणि हाच युक्तिवाद करून बघा. पॉइंटला पहिल्या ऑपरेटरने पुढे वाट नाही, ठीक, पण दुसऱ्याने आहे ना, मग तो एकटा काढताच येत नाही, त्याच्यासोबत बाकीचे ओढले जातात आणि त्या बाकीच्यांना पहिल्या ऑपरेटरची वाट असू शकते. टेन्स लॉजिकमध्ये (एक ऑपरेटर भविष्याचा, एक भूतकाळाचा) तर हे डोळ्यांसमोर दिसतं, काळाचा शेवटचा क्षण घेतला तर पुढे काही नाही पण मागे सगळा इतिहास आहे. विल्यमसनने १९९८ मध्ये दाखवलं की एकमेकांचे उलटे असलेल्या दोन ऑपरेटरांची मॅक्सिमल सुसंगत लॉजिक्स कंटिन्युअम इतकी आहेत. म्हणजे लॅटिसच्या माथ्याशी दोन दारांच्या जागी रिअल नंबरांइतकी दारं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं, आणि आजही कोणी विचारलं की एक आणि दोन ऑपरेटरमध्ये फरक काय तर मी आधी हेच सांगते.

तर आता निवड. माझ्या मते नवीन माणसासमोर खरे तीन पर्याय आहेत.

पहिला, फ्युजन. दोन लॉजिक्स शेजारी शेजारी ठेवायची, एकमेकांशी काही बोलायचं नाही, मिसळणारा एकही अ‍ॅक्सिअम नाही. थॉमसनने १९८० मध्ये दाखवलं की दोन्ही सुसंगत असतील तर फ्युजनमुळे कोणाच्याही स्वतःच्या भाषेत नवीन काही सिद्ध होत नाही. मग क्राख्ट आणि वोल्टर यांचा १९९१ चा पेपर, आणि फाइन आणि शुर्ट्स यांचं त्याच सुमाराचं काम, की क्रिपकी कंप्लीटनेस (लॉजिक त्याच्या फ्रेम्सवरून पुरतं ठरणं), फायनाइट मॉडेल प्रॉपर्टी असे बरेच गुण दोन्ही घटकांत असले की फ्युजनमध्ये आपोआप उतरतात. हे वाचून वाटतं की वा, मग फ्युजनच घेऊ, सगळं फुकट मिळतंय. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी सुरुवात तिथूनच केली होती.

पण हे सगळे निकाल फ्युजन या एका लॉजिकबद्दल आहेत, त्याच्या वरच्या लॅटिसबद्दल नाहीत!! एस५ चं एस५ शी फ्युजन घ्या. फ्रेम म्हणजे एक सेट आणि त्यावर दोन इक्विव्हॅलन्स रिलेशन्स, बस. दिसायला किती निरागस. आता कुठलाही ग्राफ घ्या, त्याच्या प्रत्येक कडेच्या प्रत्येक टोकाला एक पॉइंट माना, एकाच शिरोबिंदूवरची टोकं पहिल्या रिलेशनने जोडा आणि एकाच कडेची दोन टोकं दुसऱ्या रिलेशनने. झालं, अख्खा ग्राफ एस५-एस५ फ्युजनच्या फ्रेममध्ये येऊन बसला, शेजारच्या शिरोबिंदूवर जायचं म्हणजे पहिलं, मग दुसरं, मग परत पहिलं. म्हणजे या लॅटिसमध्ये काम करणं हे ग्राफ थिअरीच्या उघड्या रानात काम करण्यासारखं आहे. एस५ ची ती सुंदर साखळी होती ना, तिचं इथे काहीच उरत नाही. एस५ लोकली टॅब्युलर आहे म्हणजे मोजक्या व्हेरिएबलमध्ये खरोखर वेगळे फॉर्म्युले मोजकेच, पण दोन एस५ चं फ्युजन तसं नाहीये, हा गुण उतरत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच काढते. फ्युजन्स ही दोन ऑपरेटरच्या मोठ्या लॅटिसमधली फक्त एक पातळ चकती आहे. प्रत्येक ऑपरेटरसाठी एक एक सुसंगत लॉजिक निवडलं की एक फ्युजन मिळतं आणि वेगळ्या जोड्यांना वेगळी फ्युजन्स मिळतात, पण बहुतेक बायमोडल लॉजिक्स फ्युजन नसतातच, त्यांच्यात कुठेतरी दोन ऑपरेटर एकमेकांत अडकलेले असतात. गुण फ्युजनमध्ये उतरवणारी ती ट्रान्स्फर थिअरमं या चकतीपुरती चालतात आणि चकतीच्या बाहेर पाय ठेवला की गेली.

दुसरा पर्याय, एस५×एस५, म्हणजे प्रॉडक्ट. इथे दोन्ही रिलेशन्स एकमेकांशी कम्यूट करतात, आधी आडवं मग उभं किंवा आधी उभं मग आडवं, कुठूनही तिथेच पोचता. हे लॉजिक स्वतः फ्युजनपेक्षा महाग आहे. एका एस५ ची सॅटिस्फायेबिलिटी (फॉर्म्युला कुठे खरा होऊ शकतो का हे ठरवणं) एनपी-कंप्लीट हे लॅडनरचं १९७७ चं, दोन एस५ च्या फ्युजनची पीस्पेस-कंप्लीट हे हाल्पर्न आणि मोझेस यांचं १९९२ चं, आणि एस५×एस५ ची नेक्स्पटाइम-कंप्लीट हे मार्क्सचं १९९९ चं. हे तिन्ही चढत्या अवघडपणाचे वर्ग, म्हणजे बेस बघून निवडलं तर कोणीही फ्युजन निवडेल. आणि इथेच मी वर म्हटलं ते उलटं होतं.

या लॉजिकची रूटेड फ्रेम (जिथे एका पॉइंटवरून सगळीकडे पोचता येतं) म्हणजे अक्षरशः एक तक्ता आहे, ओळी, स्तंभ, आणि प्रत्येक कप्प्यात किमान एक ठिपका. फायनाइट असेल तर प्रत्येक कप्प्यात किती ठिपके ते आकडे लिहा, झाली फ्रेम. वहीत काढता येते, हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे, वहीत काढता येत नाही त्यावर वर्षभर काम करणं कठीण असतं. आता समजा एल हे एस५×एस५ च्या काटेकोरपणे वरचं एखादं लॉजिक आहे. एस५×एस५ हे सगळ्या मर्यादित चौकोनी तक्त्यांचं लॉजिक आहे, त्यामुळे सगळे चौकोन एल मध्ये बसले असते तर एल परत एस५×एस५ च झालं असतं. म्हणजे कुठलातरी एन बाय एन चौकोन एल मध्ये बसत नाही. पण ज्या तक्त्यात निदान एन ओळी आणि निदान एन स्तंभ आहेत तो चेपून एन बाय एन करता येतोच, ओळी एकमेकींवर घडी घाला, स्तंभ घाला, कप्प्यातले ठिपके एक करा, पी-मॉर्फिझम तयार. म्हणून एल च्या प्रत्येक रूटेड फ्रेममध्ये एकतर ओळी एन पेक्षा कमी किंवा स्तंभ एन पेक्षा कमी. एका बाजूने पट्टी बांधली गेली. एवढ्या चार ओळींच्या युक्तिवादाने अख्खी लॅटिस हातात येते, मला तरी हा या विषयातला सगळ्यात देखणा युक्तिवाद वाटतो.

यातून पुढे काय काय निघालं बघा. निक बेझानिश्विली यांनी २००२ मध्ये दाखवलं की एस५×एस५ च्या काटेकोर वरचं प्रत्येक लॉजिक लोकली टॅब्युलर आहे, जरी एस५×एस५ स्वतः नाही. त्यांनी आणि मार्क्सने २००३ मध्ये दाखवलं की त्या सगळ्यांना पॉलिनॉमिअल साइझची मॉडेल्स पुरतात. मग बेझानिश्विली आणि हॉडकिन्सन यांनी २००४ मध्ये दाखवलं की लॅटिसमधलं एकूण एक लॉजिक मोजक्या अ‍ॅक्सिअमवर उभं आहे, म्हणून लॅटिस काउंटेबल, आणि काटेकोर वरची सगळी सुसंगत लॉजिक्स एनपी-कंप्लीट. त्या सिद्धतेत तक्त्यांवर बेटर-क्वासी-ऑर्डर (उतरत्या किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या अनंत रांगा होऊ न देणारा क्रम) लागते, फाइनच्या एस४.३ च्या सिद्धतेतही आकड्यांच्या याद्यांवर असंच ऑर्डरिंग होतं, फक्त इथे याद्यांच्या जागी तक्ते आले म्हणून हत्यार जरा जड लागलं. तळाला नेक्स्पटाइम आणि एक पायरी वर पाऊल ठेवलं की एनपी, असा कडा मला दुसरीकडे इतका स्वच्छ दिसलेला नाही.

हां पण एक सावधगिरी. हे सुख कर्णाशिवायचं आहे. तक्त्याला इक्वॅलिटीसाठी कर्णाचा एक कॉन्स्टंट जोडला, म्हणजे सिलिंड्रिक अल्जेब्राच्या (इक्वॅलिटीसह प्रेडिकेट लॉजिकच्या अल्जेब्राच्या) बाजूला गेलात, की लॅटिस कंटिन्युअम इतकी फुगते, हेही बेझानिश्विली यांनीच दाखवलंय. कर्ण नसताना क्रिटिकल व्हरायटी, म्हणजे ज्या स्वतः एका फायनाइट अल्जेब्रापासून बनत नाहीत पण त्यांच्या खालच्या सगळ्या बनतात अशा काठावरच्या, सहा, कर्ण आला की तशाच पंधरा. एक निरुपद्रवी दिसणारा कॉन्स्टंट एवढं करतो हे मनात ठेवा, गाइड म्हणाले की जरा इक्वॅलिटी पण घेऊ तर लगेच हो म्हणू नका. आणि दोनाच्या जागी तीन मिती केल्यात तर लॉजिक स्वतःच अनडिसायडेबल होतं, तिकडे या टप्प्यावर जाऊच नका.

तिसरा पर्याय टेन्स. दोन ऑपरेटर, भविष्य आणि भूत, एकमेकांचे उलटे. नातं अगदी घट्ट, एका रिलेशनवरूनच दोन्ही निघतात, म्हणून वाटतं हे एका ऑपरेटरसारखंच वागेल. नाही वागत. ज्या लिनिअर काळावर एका ऑपरेटरला सगळं सुरळीत होतं तिथेच थॉमसनने १९७२ मध्ये एक टेन्स लॉजिक दाखवलं जे सुसंगत आहे पण त्याला एकही क्रिपकी फ्रेम नाही. हे उदाहरण स्वतः करून बघा, खरंच अर्ध्या तासात होतं. अ‍ॅक्सिअम असे की पुढे फांद्या नाहीत, भविष्य कधी संपत नाही, भूतकाळासाठी लोबचा (मागे मागे अनंत जाता येत नाही असा) अ‍ॅक्सिअम, आणि भविष्यासाठी मॅकिन्सीचा की एखादी गोष्ट पुढे कायम पुन्हापुन्हा घडत राहणार असेल तर कधीतरी ती कायमची खरी होईल. लोबमुळे कुठलाही क्षण स्वतःच्या भविष्यात येत नाही, भविष्य संपत नाही, मग त्या न संपणाऱ्या रांगेत एक आड एक असा सेट निवडता येतो जो कायम येत-जात राहतो, आणि मॅकिन्सी तुटला. म्हणजे फ्रेम शक्य नाही. पण नॅचरल नंबर घ्या आणि फक्त फायनाइट आणि कोफायनाइट सेट वापरायची परवानगी द्या, तर जे अनंत वेळा येतं ते कोफायनाइटच असणार म्हणजे शेवटी कायमचं खरं, सगळे अ‍ॅक्सिअम टिकले, लॉजिक सुसंगत. सेट कोणते वापरायची परवानगी आहे यावर सगळा खेळ आहे, आणि म्हणून टेन्समध्ये जनरल फ्रेम (कोणते सेट चालतात तेही ठरवून दिलेली फ्रेम) आणि अल्जेब्रा टाळून चालतच नाही. तुम्हाला तेच आवडत असेल तर ही जागा तुमची आहे.

स्प्लिटिंगचंही तसंच, म्हणजे लॅटिसचे बरोबर दोन भाग पाडणं, एक एका लॉजिकच्या खालचा आणि दुसरा दुसऱ्या एका लॉजिकच्या वरचा. एका ऑपरेटरला ब्लॉकने १९७० च्या दशकात स्प्लिटिंगचं जे चित्र उभं केलं, की सगळ्यात छोट्या नॉर्मल लॉजिकवर मर्यादित, सायकल नसलेल्या रूटेड फ्रेम्स बरोब्बर स्प्लिट करतात, आणि स्प्लिटिंगच्या जॉइन सोडल्या तर बाकी प्रत्येक सुसंगत लॉजिकच्या फ्रेम्स कंटिन्युअम इतक्या दुसऱ्या लॉजिक्सशी वाटून घेतलेल्या असतात, ते वाचून टेन्समध्येही तसंच काही मिळेल अशी आशा होती. ट्रान्झिटिव काळावर प्रत्येक फायनाइट सबडायरेक्टली इरिड्युसिबल (म्हणजे छोट्या तुकड्यांत न फुटणारी) अल्जेब्रा स्प्लिट करेल असा अंदाज मांडलेला होता, क्राख्टने १९९२ मध्ये दाखवलं की तसं नाही, उलट मोजकीच आणि किरकोळ स्प्लिटिंग्ज आहेत. लॅटिसला कापायची सुरीच काढून घेतल्यासारखं. पण लिनिअर काळावर राहिलात तर चांगली बातमीही आहे, लिटाक आणि वोल्टर यांनी २००५ मध्ये दाखवलं की लिनिअर टाइम-फ्लोंवरून ठरणारी, मर्यादित अ‍ॅक्सिअमची सगळी टेन्स लॉजिक्स कोएनपी-कंप्लीट (म्हणजे साध्या प्रपोझिशनल लॉजिकइतकीच अवघड) आहेत, आणि त्याच कामात क्रिपकी-इनकंप्लीट असूनही कोएनपी-कंप्लीट अशी बरीच उदाहरणं निघतात. म्हणजे इनकंप्लीट असणं म्हणजे हाताबाहेर असणं असं नाही, हा धडा टेन्समध्ये जितका चांगला मिळतो तितका कुठेच नाही.

प्रूव्हेबिलिटीवाले, म्हणजे बॉक्सचा अर्थ ‘सिद्ध करता येतं’ असा घेणारे, विचारतील की जीएलपी हे लॉजिक का नाही सांगितलं. जापारिद्झे यांचं हे १९८० च्या दशकातलं लॉजिक मला फार प्रिय आहे. त्यात प्रत्येक बॉक्स लोब पाळतो, पहिला बॉक्स दुसऱ्यात जातो, आणि पहिला डायमंड खरा असेल तर दुसऱ्या बॉक्सला ते माहीत असतं. आता क्ष वरून दुसऱ्या रिलेशनने य ला जाता येतं म्हणा, मग पहिल्यानेही जाता येतं, मग तिसऱ्या अटीने य वरून पहिल्याने य लाच जाता येतं, आणि लोब असं होऊ देत नाही. म्हणजे दुसरं रिलेशन रिकामंच. कोणी मुद्दाम घडवलेलं प्रतिउदाहरण नाही, गणिताच्या पायाभूत कामातून आलेलं लॉजिक आणि क्रिपकी फ्रेम त्याला पुरत नाहीत. टोपॉलॉजिकल कंप्लीटनेस बेक्लेमिशेव आणि गाबेलाइया यांनी २०१३ मध्ये दिली पण त्यासाठी सेट थिअरी बरीच लागते. लॅटिस शिकायला म्हणून हे पहिलं घेऊ नका, पुढच्या वर्षासाठी ठेवा.

कोणी म्हणेल मग सुरक्षित म्हणून एकाच ऑपरेटरवर राहू. तीही सुटका नाहीये. क्राख्ट आणि वोल्टर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की दोन ऑपरेटरच्या सगळ्या नॉर्मल लॉजिक्सची लॅटिस एका ऑपरेटरच्या लॅटिसमधल्या एका इंटरव्हलशी आयसोमॉर्फिक आहे, आणि कंप्लीटनेस, डिसायडेबिलिटी असे गुण त्या नकाशात जसेच्या तसे राहतात. म्हणजे वर सांगितलेलं सगळं रान एका ऑपरेटरच्या आतही बसलेलंच आहे, फक्त तिथे ओळखू येत नाही.

मग मी काय निवडेन? एमएस्सीचा प्रोजेक्ट, हातात सहा-आठ महिने, कॉम्बिनेटोरिक्स आवडतं, तर डोळे झाकून एस५×एस५. प्रश्न वहीत मांडता येतात, उदाहरणार्थ दोनच ओळींच्या तक्त्यांची लॉजिक्स घेऊन त्यांची लॅटिस स्वतः काढा, कोण कोणावर चेपतं ते बघा, गाइडला दाखवायला दुसऱ्या आठवड्यात काहीतरी असेल. पीएचडी आहे, अल्जेब्रा आणि ड्युअलिटीची (फ्रेम आणि अल्जेब्रा यांच्या अदलाबदलीची) भीती नाही, तर लिनिअर टेन्स, कारण तिथे वाईट वागणारी लॉजिक्स हाताच्या अंतरावर आहेत आणि तरी सगळं कोसळत नाही. फ्युजनची लॅटिस मी पहिलं काम म्हणून कोणालाच सांगणार नाही, मी स्वतः त्यात बरेच महिने घालवले आणि जे मिळालं ते सगळं चकतीपुरतं होतं. मात्र नॉलेज आणि वेळ, किंवा दोन एजंट अशा उपयोगाच्या बाजूने आलात आणि लॅटिसशी देणंघेणं नाही, फक्त एक लॉजिक नीट चालायला हवंय, तर फ्युजन बेस्ट, ट्रान्स्फर थिअरमं तुमच्यासाठीच आहेत.

आणि अजूनही ठरत नसेल तर एक संध्याकाळ द्या. थॉमसनचं फायनाइट-कोफायनाइटवालं उदाहरण आणि एन बाय एन चौकोनाचा युक्तिवाद, दोन्ही पुस्तक न बघता लिहून काढा. जो लिहिताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही तो घ्या.